काउंटरमागचा माणूस आणि मराठी पुस्तकांची ऑनलाइन दुकानं



औरंगपुऱ्यात उभं राहून ऑनलाइन दुकानांवर बोलायचं, हे काहींना उलटं वाटेल. बाहेर पडलं की पुस्तकांची दुकानं आहेत, वह्यांची आहेत, जवळच भाजी मंडई आहे. हवं ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून, भाव विचारून घेता येतं. मग पडद्यावरच्या दुकानाची चर्चा इथे कशाला? आमचं म्हणणं असं, की ती इथेच व्हायला हवी. मराठवाड्यातल्या कित्येकांनी शाळेची, कॉलेजची, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं इथूनच नेली आहेत. पुस्तक मागणं म्हणजे काय आणि ते मिळणं म्हणजे काय, हे या पेठेला जेवढं ठाऊक आहे, तेवढं एखाद्या संगणक कंपनीला ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि हे शहाणपण मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत फारसं उतरलेलं नाही, ही आमची तक्रार आहे.

तक्रार आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. आपली बरीचशी ऑनलाइन पुस्तक दुकानं गोदामाच्या सोयीने मांडलेली आहेत, विचारणाऱ्याच्या सोयीने नाहीत. दुकान नेटवर नेताना आपण कपाटं नेली, पुस्तकं नेली, किमतीच्या चिठ्ठ्या नेल्या. काउंटरमागचा माणूस मात्र इथेच राहून गेला.

हा माणूस नेमकं करतो काय, ते आधी बघू. जून महिना डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर तीन रांगा लागल्यात. एक बाई म्हणतात, "दादा, नववीचा सेट द्या." एवढंच. दुकानदार मान वर न करता विचारतो, "मराठी मीडियम का सेमी, ताई?" उत्तर येतं. "संस्कृत घेतलंय का? पूर्ण का संयुक्त?" उत्तर येतं. "गाइड पाहिजे का नुसती पुस्तकं?" तीन प्रश्नांत शेकडो पुस्तकांमधून एक गठ्ठा बांधून समोर येतो. तेवढ्यात बाजूचा मुलगा म्हणतो, "ते इतिहासाचं, पिवळ्या कव्हरचं, एमपीएससीवाले घेतात ते." ना लेखक, ना प्रकाशन. तरी पुस्तक निघतं. मागून एक आजोबा विचारतात, "महानोरांचं काही आहे का?" त्यांना कुणी 'काहीही सापडले नाही' असं म्हणत नाही. "कविता पाहिजेत का गद्य?" असं विचारतात, आणि नसलं तर "दोन दिवसांनी चक्कर मारा" म्हणतात.

नीट पाहिलं तर या माणसाने चार कामं केली. उलट प्रश्न विचारून निवड छोटी केली. अर्धवट, चुकीचं नाव पुरं केलं. नसलेल्या पुस्तकाला वाट काढून दिली. आणि चुकीची खरेदी व्हायच्या आधीच थांबवली. ऑनलाइन दुकानाची मांडणी म्हणजे ही चार कामं, दुसरं काही नाही. रंग, फिरती चित्रं, सणाच्या सवलतीच्या पट्ट्या हे सगळं नंतर. म्हणून आज आम्ही ही चार कामं एकेक करून तपासणार आहोत.

पहिलं काम, निवड छोटी करणं. ऑनलाइन दुकानात हे काम वर्गवारीने करायचं असतं. दुकान उघडलं की वर किंवा डाव्या बाजूला जी यादी दिसते ती. आता ती यादी आठवून बघा. ललित, वैचारिक, माहितीपर, संकीर्ण, इतर. हे शब्द कुणाचे आहेत? प्रकाशकाच्या नोंदवहीचे. साहित्य संमेलनाच्या मंडपात ते शोभतात. पण भावाच्या लग्नात आहेर म्हणून पुस्तक द्यायचंय असा माणूस 'संकीर्ण'वर बोट का ठेवेल? आणि 'इतर' या शब्दामागे काय दडलंय, हे तर दुकानाच्या मालकालाही सांगता यायचं नाही.

यावर आपल्याच शहरात उत्तर आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात याला. इथून जवळच पैठण गेट. तिकडून पैठणचा रस्ता. उत्तरेला दिल्ली गेट, त्याचं तोंड दिल्लीकडे. सगळ्याच दरवाजांची नावं अशी नाहीत, पण ही नावं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. कारण दरवाजाला नाव दिलंय ते तिथून कुठे पोचता येतं यावरून. नवखा माणूसही नाव वाचून ठरवू शकतो, की आपली वाट ही का ती. वर्गवारीचं नाव असं पाहिजे. 'शालेय' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'पहिली ते दहावीची पुस्तकं' लिहा. 'बालसाहित्य' असू द्या, पण आत 'नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी', 'मोठ्यांनी वाचून दाखवायची', 'दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी' असे दरवाजे काढा. विचारणारा याच भाषेत विचारतो.

वर्गवारीचा दुसरा दोष याहून खोल आहे. एक पुस्तक एकाच कप्प्यात, असा हट्ट. लाकडी कपाटात हे समजण्यासारखं आहे. एक प्रत दोन फळ्यांवर कशी ठेवणार? पडद्यावर मात्र तशी काही अडचण नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. ते आत्मचरित्र आहे. स्त्रियांच्या लेखनात ते आहे. मराठीतल्या अभिजात गद्यात आहे. टिळकांच्या कवितेमागून त्यांच्या संसाराकडे येणाऱ्या वाचकालाही ते हवं आहे. चार वाटांनी येणारे चार वाचक, आणि दुकानात मात्र पुस्तक 'चरित्र' या एकाच खोलीत कोंडलेलं.

मजा बघा, या प्रश्नावर एका भारतीय माणसाने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी काम करून ठेवलंय. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. तिचा गाभा असा, की पुस्तकाला एकच ओळख नसते. विषय, काळ, प्रदेश असे त्याचे अनेक पैलू असतात आणि ते वेगवेगळे नोंदवून जोडता येतात. आज ऑनलाइन दुकानात कडेला 'भाषा', 'किंमत', 'लेखक' असे जे चौकोन टिचकी मारायला असतात, त्यांच्या मागचा विचार हाच. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आपण रंगनाथन परीक्षेपुरते शिकतो, आणि मराठी पुस्तकांचं दुकान काढताना त्यांना विसरतो. कडेला किमतीचा चौकोन असतो. 'माध्यम', 'इयत्ता', 'आवृत्तीचं वर्ष' हे चौकोन शोधावे लागतात. काउंटरवरचा माणूस किंमत शेवटी विचारतो आणि माध्यम सगळ्यात आधी. आपण नेमकं उलटं केलंय.

दुसरं काम, अर्धवट नाव पुरं करणं. इथे शोधपेटी येते, आणि इथेच मराठीचा खरा घोळ सुरू होतो. खांडेकरांच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर 'ययाति' असं छापलेलं असतं, ति ऱ्हस्व. १९६२ साली आलेल्या मराठी लेखनाच्या नियमांप्रमाणे मात्र असे तत्सम शब्द शेवटी दीर्घ लिहायचे, अगदी ग्रंथाचं नाव असलं तरी. म्हणजे शाळेत नियम नीट शिकलेला मुलगा 'ययाती' असं लिहिणार. उलट 'स्मृतिचित्रे'मध्ये समास आहे, तिथे पहिल्या शब्दाचा ति ऱ्हस्वच राहतो. त्याच मुलाने एकदा शिकलेली दीर्घाची सवय तिथे लावली, तर 'स्मृतीचित्रे' लिहून तो चुकणार. आता सांगा, पुस्तक विकत घ्यायला आलेल्या माणसाने आधी समासाचा नियम आठवायचा? आणि 'ययाती' लिहिणाऱ्याची तर चूकही नाही. तरी अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधपेटीसमोर तो चूक ठरतो.

हे झालं ऱ्हस्व-दीर्घाचं. नावांची आद्याक्षरं ही आणखी एक तऱ्हा. पु. ल. देशपांडे कुणी 'पु. ल.' लिहितं, कुणी 'पु ल', कुणी सरळ 'पुलं'. 'ना. धों.' मधला अनुस्वार अर्धे लोक देत नाहीत. दहावीचं पुस्तक शोधताना कुणी 'दहावी' लिहितं, कुणी '१०वी', कुणी इंग्रजी आकडा टाकतं. मोबाइलवर तर कित्येक जण मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि 'मृत्युंजय' इंग्रजी अक्षरांत लिहायच्या चार तरी तऱ्हा सहज निघतात. काउंटरवर या सगळ्याचा उच्चार एकच असतो, म्हणून तिथे अडत नाही. पडद्यावर अडतं.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे डोळ्यांना सारखीच दिसणारी अक्षरंसुद्धा संगणकाला वेगळी असतात. 'ॲन फ्रँक' मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एका प्रकारात आधी 'अ' आणि मग त्यावर चंद्र, अशी दोन चिन्हं असतात. दुसऱ्या प्रकारात ते अख्खं एकच चिन्ह असतं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुकानातल्या नोंदीत एक प्रकार आणि वाचकाच्या मोबाइलवर दुसरा, की संपलं. पुस्तक समोर असूनही सापडत नाही, आणि का सापडत नाही हे वाचकाला कधीच कळणार नाही, कारण त्याला दोन्ही अक्षरं एकसारखीच दिसताहेत. त्यात जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असल्या, तर त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार हमखास मोडतात. ती मोडलेली अक्षरं कुणी तपासली नाहीत, की ते पुस्तक असूनही नसल्यासारखं.

इथे कुणी म्हणेल, लोकांनीच शुद्ध लिहायला शिकावं, दुकानाने किती लाड करायचे? आम्ही शुद्धलेखनाचे विरोधक नाही. पण दुकान म्हणजे परीक्षा नव्हे. चुकीचा उच्चार केला म्हणून पुस्तक न देणारा दुकानदार औरंगपुऱ्यात किती दिवस टिकेल? शिवाय उपाय अवघड नाही. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत एक जादा रकाना ठेवायचा. तो वाचकाला दिसत नाही, शोधपेटीला दिसतो. त्यात त्या नावाची लोक लिहितात ती सगळी रूपं भरायची: ययाति, ययाती, इंग्रजी अक्षरांतलं रूप, लेखकाचं लाडकं नाव, आणि हो, 'पिवळं कव्हर' सुद्धा.

तिसरं काम, नसलेल्याला वाट काढून देणं. मराठी ऑनलाइन दुकानात सगळ्यात उर्मट पान कोणतं असेल, तर ते शोध फसल्यानंतरचं. पांढरं पान, मधोमध एक वाक्य, 'काहीही सापडले नाही'. पूर्णविराम. पुढे कुठे जायचं, काय करायचं, काही नाही. काउंटरवर असं उत्तर दिलं तर भांडण होईल. तिथे 'नाही' या उत्तरात चार वेगळे अर्थ असतात. पुस्तक संपलंय पण येणार आहे. प्रकाशकाकडेच संपलंय, नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबा. आम्ही ठेवत नाही, अमुक ठिकाणी बघा. किंवा नाव वेगळं आहे, तुम्हाला हे तर नकोय ना? वाचकाच्या दृष्टीने या चार उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तो थांबेल, दुसऱ्यात ग्रंथालयाकडे जाईल, तिसऱ्यात दुसरं दुकान गाठेल, चौथ्यात लगेच विकत घेईल. चारही ठिकाणी एकच कोरं वाक्य दाखवणं म्हणजे तीन ठिकाणी खोटं बोलणं.

मराठीत याला जास्त महत्त्व आहे, कारण आपल्याकडे पुस्तकं वरचेवर 'उपलब्ध नाही'च्या यादीत जातात. जुन्या आवृत्त्या संपतात, नव्या निघायला वर्षं जातात. पुस्तक संपलं की त्याचं पानच काढून टाकायची एक पद्धत आहे. ती अगदी वाईट. पान राहू द्या, वर स्पष्ट लिहा की संपलंय, आणि 'आलं की कळवा' एवढं एक बटण द्या. असे किती निरोप जमले ते पाहून प्रकाशकालाही कळेल, की पुनर्मुद्रणाला गिऱ्हाईक आहे. आज ही मागणी वाऱ्यावर उडून जाते.

चौथं काम, चुकीची खरेदी थांबवणं. इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण इथे लोकांचे पैसे जातात. पाठ्यपुस्तकांचंच उदाहरण घेऊ. २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात राज्यात दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली. सगळे विषय एकेका भागात एकत्र, आणि धड्यांमध्ये नोंदींसाठी कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी करायचा तो प्रयोग होता. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. म्हणजे एकाच इयत्तेची दोन वेगळ्या घडणीची पुस्तकं दोन-तीन वर्षांत बाजारात येऊन गेली. आता ऑनलाइन दुकानात 'इयत्ता सहावी, भाग २' अशा नावाखाली एक मुखपृष्ठ, एक किंमत आणि एक बटण असेल, आणि आवृत्तीचं वर्ष कुठेच नसेल, तर कन्नडच्या किंवा फुलंब्रीच्या पालकाने काय समजायचं? पुस्तक येतं, शाळेत नेलं की कळतं हे जुनं. परत पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास. काउंटरवरचा माणूस यातलं काही होऊ देत नाही. "ताई, हे मागच्या वर्षीचं आहे, घेऊ नका," असं तो स्वतःचं नुकसान सोसून सांगतो, कारण पुढच्या जूनमध्ये त्याच ताई परत यायच्या असतात.

म्हणून पुस्तकाच्या पानावर 'विकत घ्या' या बटणाच्या वर, खाली नव्हे, चार गोष्टी शब्दांत लिहिलेल्या पाहिजेत: इयत्ता किंवा परीक्षा, माध्यम, आवृत्तीचं वर्ष, पानांची संख्या. शब्दांत म्हणतोय, चित्रात नव्हे. पुष्कळ ठिकाणी पुस्तकाचं नाव फक्त मुखपृष्ठाच्या छायाचित्रात असतं आणि खाली नुसता क्रमांक. दृष्टिहीन वाचक मोबाइलकडून मजकूर वाचवून घेतो, त्याला तिथे फक्त 'चित्र' असं ऐकू येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर तरी ही हयगय नको. आणि मजकुराच्या जागी चित्र वापरलं, की शोधपेटीलाही काही दिसत नाही. एका हयगयीत दोघांचं नुकसान.

चांगलं दिसलं ते चांगलंही म्हणायला हवं. बुकगंगाने पुस्तकाची काही पानं पडद्यावर चाळून बघायची सोय दिली, ती काउंटरवरच्या सवयीचीच प्रतिकृती आहे. मधलं पान उघडायचं, भाषा बघायची, अक्षर बारीक आहे का मोठं ते बघायचं, मग ठरवायचं. अनुक्रमणिका आणि पहिली पाच पानं एवढं जरी प्रत्येक दुकानाने दिलं, तरी अर्ध्या चुकीच्या खरेद्या टळतील असं आम्हाला वाटतं.

निवड झाली, आता पिशवी हातात द्यायची. इथे आपल्या शहराचा एक खास प्रश्न आहे. २०२३ साली शहराचं नाव अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झालं. पण पत्त्याच्या अर्जात शहर निवडायची यादी असते ती कुठे जुनी, कुठे नवी, कुठे दोन्ही. त्यात औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. राज्य आधी आणि शहर नंतर असा क्रम नसेल, तर पुस्तक कुठे निघेल त्याचा नेम नाही. याचं उत्तर आपल्या टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ लाच देऊन ठेवलंय. पिनकोड. आधी सहा आकडे विचारा. आपला ४ ने सुरू होतो, बिहारचा ८ ने. आकडे भरले की राज्य आणि जिल्हा आपोआप यायला हवा, आणि गावाचं नाव ज्याला जसं लिहायचंय तसं त्याने लिहावं. नावावरून वाद घालणं हे अर्जाचं काम नाही, पार्सल पोचवणं हे आहे.

मग पैसे. पुस्तक दोनशेचं, सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर टपालखर्च साठ. हे अनेक ठिकाणी दिसतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत आणि तिची फोड दाखवायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. त्यात किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आहे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आहे, आणि 'फक्त दोनच प्रती शिल्लक' अशी खोटी घाई करणंही आहे. मराठी पुस्तकवाले लबाडीने हे करतात असं आम्ही म्हणत नाही. तयार साचा विकत घेतला, त्यात जे होतं ते तसंच राहिलं, असं बहुधा झालं असेल. पण गिऱ्हाइकाला साचा दिसत नाही, दुकानदाराचं नाव दिसतं.

आता मोठ्या कंपन्यांकडे बघू, कारण कुणीतरी म्हणणारच, की एवढा त्रास कशाला, तिथून घ्या. अ‍ॅमेझॉनने १९९५ साली पुस्तकांपासूनच विक्री सुरू केली, फ्लिपकार्टनेही २००७ साली तेच केलं. पुस्तकाला आयएसबीएन असतो, एका आवृत्तीला एक क्रमांक, त्यामुळे न पाहता विकायला पुस्तक सोयीचं. पण आपल्याकडच्या जुन्या, छोट्या प्रकाशकांच्या कितीतरी पुस्तकांवर तो क्रमांकच नाही. क्रमांकावर उभ्या असलेल्या दुकानात अशी पुस्तकं कोपऱ्यात पडणार, हे ओघानेच आलं. २०२० साली अ‍ॅमेझॉनने दक्षिणेतल्या चार भाषा आणल्या आणि मराठी राहिली, तेव्हा आंदोलन झालं. २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणी मराठी आली. ती हवीच होती. पण बटणांवरच्या शब्दांचं भाषांतर म्हणजे मांडणी नव्हे. 'ऑर्डर', 'रिटर्न', 'कार्ट' हे शब्द आपल्या आईलाही कळतात, तिथे कुणी अडत नाही. अडतं ते 'सेमी' म्हणजे काय, 'संयुक्त' म्हणजे काय, हे दुकानाला ठाऊक नसल्यामुळे. हे ज्ञान सबंध जगाला विकणाऱ्या कंपनीकडून अपेक्षावं तरी का? ते इथे आहे, औरंगपुऱ्यात, अप्पा बळवंत चौकात, दादरमध्ये. म्हणून आमची टीका घरच्यांवर जास्त आहे.

घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, की पैसे नाहीत. खरं आहे, पुस्तकविक्रीत नफा किती असतो ते आपण जाणतो. पण आज सांगितलेल्या गोष्टींत महागडं काय आहे? जादा रकाना भरणं, आवृत्तीचं वर्ष लिहिणं, 'इतर' हा कप्पा मोडणं, यांना अभियंता लागत नाही, धीर लागतो. आणि पहिलं पाऊल तर फुकट आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात काउंटरशेजारी एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका. आठवड्यात दोन-तीनशे वाक्यं जमतील. ती चिठ्ठ्यांवर लिहा आणि दुकानाबाहेरच्या चार-पाच जणांना सारख्या वाटणाऱ्या चिठ्ठ्यांचे ढीग करायला सांगा. जे ढीग होतील ते तुमचे दरवाजे, आणि ढिगाला ते लोक जे नाव देतील ते दरवाजावरचं नाव. दुकान तयार झालं की पाच अनोळखी माणसं बसवा. प्रत्येकाला तीन पुस्तकं शोधायला सांगा आणि तोंडातून शब्द काढू नका. याकोब नीलसन या अभ्यासकाने २००० साली मांडलं होतं, की बहुतेक मोठे दोष पहिल्या पाच माणसांतच दिसून येतात. गप्प बसणं तेवढं कठीण जाईल, कारण सांगावंसं वाटतं की अहो, ते तिथे डावीकडे आहे. पण ऑनलाइन गिऱ्हाइकाजवळ तुम्ही नसणार आहात.

शेवटचा मुद्दा. काउंटरमागचा माणूस एका वाटेने नेटवर परत आलेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर. शाळेची छापील यादी, तिचा फोटो काढला, दुकानाच्या नंबरवर टाकला, तासाभराने हिशोब आला, संध्याकाळी एसटीने पार्सल निघालं. गंगापूर, पैठण, सिल्लोडकडच्या माणसाला हे चकचकीत दुकानापेक्षा सोपं वाटतं, आणि ते आहेच. दुकानदारांनी स्वतःच्याच संकेतस्थळावर केलेली याहून बोचरी टीका आम्हाला सुचणार नाही. गिऱ्हाईक तिथे जाऊन हरवतं, म्हणून सगळे मिळून त्याला वळसा घालतात.

पण या वळशावर विसंबून राहता येणार नाही. तो एका माणसाच्या डोक्यावर चालतो. रात्री अकराला परीक्षेचं पुस्तक शोधणाऱ्या मुलाला तो माणूस मिळत नाही. एका वेळी तो एकालाच उत्तर देतो. आणि तो म्हातारा होतोय, मंडळी. तीस-चाळीस जून ज्याने काउंटरवर काढले, त्याला ठाऊक असलेली नावं, उपनावं, कुठलं पुस्तक कुठल्या परीक्षेला चालतं, कुठली आवृत्ती मोडकी छापली, कुठल्या कवीच्या मागे कुणाला काय द्यायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो. दुकानाचं शटर पडेल त्या दिवशी हे सगळं जाईल, आणि मागे राहील 'काहीही सापडले नाही' असं सांगणारं पान.

म्हणून दुकान ऑनलाइन न्यायचं ठरवाल, तेव्हा संगणकवाल्याला बोलवायच्या आधी त्या माणसाला खुर्ची द्या, चहा द्या, आणि समोर वही घेऊन बसा. मांडणीचं काम तिथून सुरू होतं.

आम्ही इथे थांबतो. समोर पुस्तक विक्रेते बसलेले दिसताहेत, त्यांनी आमचं कुठे पटलं नाही ते सांगावं. वाचकांनी कुठे कुठे हरवायला झालं ते सांगावं. तो भाग आमच्या बोलण्याहून उपयोगाचा होईल.